अंगावरचं दूध, दुसरा थेंब नाही

काउन्सेलर बाईंनी दार लोटून कडी घातली तेव्हाच मला शंका आली. मला सातवा महिना सरत आलता. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला म्हणून मी आणि आमचे मालक पाटोद्याहून एसटीनं बीडला आलो होतो. रक्त कमी असंल, लाल गोळ्या देतील, एवढीच माझी समज. बाहेर बाकावर सात-आठ पोटुशा बाया बसल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणासाठी कडी घातली नव्हती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय." मग त्यांनी समजावून सांगितलं. एचआयव्ही म्हणजे एक विषाणू, तो अंगातली आजाराशी लढायची ताकद हळूहळू खातो. तो असला म्हणजे उद्याच एड्स झाला असं नाही, पण तो आता अंगातून जायचा नाही. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आमच्याकडं लगेच चॅनल बदलायचे. माझं माहेर चकलांबा, सासर पाटोदा. त्यापलीकडं मी गेलेच कुठं होते?

मग मालकांना आत बोलावलं. त्यांचं रक्त घेतलं, दुपारी त्यांचंही तेच निघालं. त्यांनी मान खाली घातली ती स्टँडवर पोचेपर्यंत वर केली नाही. मला असला राग आला, भर रस्त्यात त्यांची गचांडी धरावी असं वाटलं. पण पोट पुढं आलेलं, ऊन डोक्यावर, आणि परतीची गाडी पकडायची होती. राग गिळला. पुढं कित्येक महिने तो गिळतच राहिले.

गाडीत ते एकच बोलले. "आईला कळू द्यायचं न्हाई. गावात कळलं तर आपल्या दुकानातून मिठाची पुडीबी कुणी नेणार न्हाई."

ते काही खोटं नव्हतं. आमचं किराणा दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. डाळ, साखर, गूळ, पोहे, सगळं हातानं घेऊन पुडीत बांधून द्यायचं. शिवल्यानं होतो, एका ताटात जेवल्यानं होतो, असंच तेव्हा लोक समजायचे. मीही तसंच समजत होते. घरी आल्यावर पहिले दोन दिवस मी माझा तांब्या वेगळा ठेवला, आणि मग कुणी विचारंल म्हणून परत माठाजवळ नेऊन ठेवला.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. आता औषधं वेगळी आहेत, नियमही बदललेत. तेव्हा माझ्या हकिकतीवरून कुणी औषध ठरवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी हे सांगतेय ते माझ्यासारख्या बाईला घरात काय काय भोगावं लागतं ते कुणी सांगत नाही म्हणून.

दुसऱ्या खेपेला बाईंनी पोटातल्या लेकराचं सांगितलं. आईचा रोग लेकराला तीन वेळा लागू शकतो, पोटात असताना, बाळंत होताना आणि दूध पाजताना. बाळंत होतानाच्या धोक्यासाठी एक गोळी होती, नेव्हिरॅपिन. कळा सुरू झाल्या की मी एक घ्यायची, आणि जन्मल्यावर लेकराला त्याच औषधाचे थेंब द्यायचे. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. गोळी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती कागदात गुंडाळून पोलक्याच्या आतल्या बाजूला टाचली आणि रोज पोलकं बदललं की काढून दुसऱ्याला टाचली.

खरी कोंडी तिसऱ्याची होती. वरचं दूध पाजलं तर माझ्या दुधातून रोग जायचा प्रश्नच नाही. पण त्यासाठी दर दोन-तीन तासांनी पाणी उकळायचं, वाटी-चमचा उकळायचा, मोजून दूध करायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर चार-पाच दिवसांनी यायचा. जुलाब लागून लेकरू हातचं गेलं तर? आणि त्याहून मोठं म्हणजे, घरात काय सांगायचं? छाती दुधानं भरलेली आणि बाई लेकराला पाजत नाही, असं आमच्या गल्लीत चार दिवससुद्धा लपलं नसतं. लेकरांच्या दुधाच्या पावडरीचे डबे आमच्याच दुकानात फळीवर होते. मी रोज ते बघायची, पण त्यातला एक खाली काढायचीही मला सोय नव्हती.

दुसरी वाट म्हणजे नुसतं अंगावरचं पाजायचं. पण नुसतं म्हणजे नुसतं. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, मध नाही, घुटी नाही. बाईंनी हे तीनदा सांगितलं. दोन्ही मिसळून देणं, म्हणजे मिक्स्ड फीडिंग, सगळ्यात वाईट. नुसत्या आईच्या दुधानं आतड्याचं अस्तर धड राहतं, दुसरं काही गेलं की त्याला ओरखडे पडतात आणि तिथून विषाणूला आत शिरायला वाट मिळते. "हे निभावेल का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता आमच्या आत्यांची ओळख करून द्यायला पाहिजे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे लवकर गेले, दुकान आणि लेक दोन्ही त्यांनीच सांभाळलेलं. बोलायला फटकळ, पण हात असा की गल्लीतल्या बाया आपली लेकरं घेऊन त्यांच्याकडं घुटी उगाळून घ्यायला यायच्या. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, कशाचे किती वेढे द्यायचे ते त्यांना डोळे मिटून ठाऊक. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या घुटीवर वाढली होती. आणि त्यांच्या स्वतःच्या नातवंडाला मी घुटी देऊ देणार नव्हते.

माझी आई आधीच गेलेली, म्हणून पहिलटकरीण असून बाळंतपण सासरीच. चैत्राच्या उन्हात कळा सुरू झाल्या. जीपमध्ये बसायच्या आधी न्हाणीत जाऊन मी गोळी गिळली. दवाखान्यात मुलगी झाली. शिवानी. तिला थेंब दिले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि माझा पहारा सुरू झाला.

आत्यांना मी सांगितलं, डॉक्टरांनी ताकीद दिलीय, पोरीचं पोट नाजूक हाय, फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई. त्यांनी नाक मुरडलं. उन्हानं लेकराचं नरडं वाळंल म्हणल्या. येणारी प्रत्येक बाई मधाचं बोट पुढं करायची. मी पोरीला पदराखाली घ्यायची आणि पाजतेय असं करायची. अंघोळीला गेले तरी दाराची फट ठेवायची. परसाकडला जाताना तिला छातीशी धरून न्यायची. गल्लीत माझं हसं झालं, लई शिकलेली लागून गेली म्हणायच्या. जेलात निदान पहारेकरी वेगळा आणि कैदी वेगळा असतो. मी दोन्ही होते.

त्यात आमच्यात, लिंगायत वाण्यांत, लेकराच्या गळ्यात लिंग बांधायचा विधी असतो. आमच्या घरात तो अकराव्या दिवशी करतात. मठाचे स्वामी येतात, पूजा होते, आणि तीर्थाचे दोन थेंब लेकराच्या ओठावर सोडतात. त्याला नाही कसं म्हणायचं? मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. शेवटी स्वामी ओसरीवर पाय धुवत होते तेव्हा पाणी घालायच्या निमित्तानं मीच पुढं झाले आणि सांगितलं की डॉक्टरांनी तोंडातून काहीच द्यायला मनाई केलीय. म्हातारे स्वामी माझ्याकडं बघतच राहिले. काय दिसलं त्यांना कुणास ठाऊक. म्हणाले, "डोळ्याला लावलं तरी पोचतं, बाई." आणि खरंच त्यांनी तीर्थ पोरीच्या डोळ्यांना लावलं. आत्यांचं तोंड दिवसभर फुगलेलं होतं. मी मात्र मनातल्या मनात जिंकले.

कसली जिंकले, कपाळ माझं.

मला दूध भरपूर यायचं. छाती दगडासारखी व्हायची म्हणून सकाळी मी जास्तीचं दूध एका वाटीत पिळून काढायची आणि वाटी न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. अंघोळ झाली की ते मोरीत ओतायचं. एक दिवस न्हाणीतलं पाणी कमी पडलं म्हणून मी अर्ध्या अंघोळीतून लुगडं गुंडाळून बाहेर आले. दाराच्या फटीतून दिसत नाही त्या कोपऱ्यात आत्या सहाणेपुढं बसल्या होत्या. मांडीवर शिवानी. सहाणेवर पिवळी घुटी आणि बाजूला माझी वाटी. माझ्या दुधात घुटी उगाळून त्या बोटानं पोरीच्या जिभेला लावत होत्या.

मी सहाणेला लाथ मारली. आयुष्यात कधी सासूसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. आत्यांनी पोरीला छातीशी धरलं. म्हणल्या, "पानी कुठं घातलं गं म्या? तूच म्हनलीस ना, फकस्त अंगावरचं. तुझ्याच दुधात उगाळली. कावून अशी करती? माझ्या हाताला काय इख हाय?"

काय सांगू त्यांना? इख त्यांच्या हाताला नव्हतं. ते वाटीत होतं आणि वाटी माझी होती.

लिंग बांधल्यापासून रोज सकाळी देत होत्या. बारा दिवस. डॉक्टरांचा हुकूम त्यांनी त्यांच्या परीनं पाळला होता. पाणी टाळलं, मध टाळला, आणि घुटी आईच्या दुधात दिली तर ते अंगावरचंच झालं, असा त्यांचा हिशेब. माझ्या धाकानं त्यांनी ती लपवून दिली, एवढाच त्यांचा गुन्हा. मी जर खरं सांगितलं असतं तर त्यांनी दिलीच नसती.

दुसऱ्या दिवशी पोरीला दाखवायचं म्हणून मालकांना घेऊन मी बीड गाठलं. काउन्सेलर बाईंच्या खोलीत मी ओक्साबोक्शी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या की झालं ते झालं, बारा दिवस देऊनही लागण झालीच असेल असं नाही, आजपासून बंद करा. आणि एक म्हणाल्या, "घरातल्या एका माणसाला तरी खरं सांगा. सहा महिने एकटीनं पहारा होत नसतो." मालक ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले की आईला सांगितलंस तर ती अन्न सोडंल. मी म्हणाले, सोडू द्या.

घरी परतल्यावर दुपारी मालक दुकानात होते. मी आत्यांच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. रोगाचं नाव, माझं रक्त, लेकाचं रक्त, दूध कसं आणि घुटी का नको. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही, पण त्या खडे ताटात आणि गहू खाली टाकायला लागल्या. मग विचारलं, "कुनामुळं?"

दुकानातून मालकांचा आवाज येत होता, कुणाला तरी तेलाचा भाव सांगत होते. आत्यांनी तिकडं एकदा बघितलं आणि परत तो प्रश्न कधी विचारला नाही. लेकाशी त्या पुढं महिनाभर बोलल्या नाहीत. अन्न मात्र सोडलं नाही. उठून सहाण धुतली, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि म्हणल्या, "पोरीच्या तोंडात म्या घातलंय. आता तिचं रगत साफ निघंपतूर ह्या हातानं तिला काई भरवनार न्हाई."

तिथून पहारा आत्यांनी घेतला. मधाचं बोट घेऊन आलेल्या बाईला त्या उंबऱ्यावरूनच वाटंला लावायच्या. स्वामींनी मना केलंय म्हणून ठोकून द्यायच्या, आणि आत येऊन मला म्हणायच्या, देवाला माझं खोटं कळतंय, तो बघून घेईल. कितीतरी दिवसांनी मी दाराला कडी लावून अंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं आणि रडले.

सहा महिन्यांनी दूध एकदम तोडायचं होतं. हळूहळू नाही, कारण हळूहळू म्हणजे परत दोन्हीची मिसळ. त्याबद्दल कुणी मला नीट सांगितलं असतं तरी मला ते कळलं नसतं. पोरगी माझा वास ओळखायची. मी जवळ आले की पोलक्याला झटायची, मिळालं नाही की काळीनिळी पडेपर्यंत रडायची. शेवटी आत्यांनी मला दुकानामागच्या गोदामात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. सकाळी जी कोंडायच्या ती दुपार कलल्यावर काढायच्या. असे तीन दिवस. साखरेच्या पोत्यांमधी मी छातीला फडकं आवळून बसायची. अंगात ताप, दूध वाहून पोलकं ओलं, आणि भिंतीपलीकडं माझं लेकरू माझ्या नावानं आकांत करतंय. एकदा मी आतून दार बडवलं. उघडा म्हणाले, मरू द्या काय मरायचं ते, पाजते मी. आत्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या. आतून मला त्यांचं हुंदके देणं ऐकू येत होतं, पण कडी त्यांनी काढली नाही.

मालक वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजायला शिकले. आत्या दूध उकळायच्या, निववायच्या, वाटी लेकाच्या नाहीतर माझ्या हातात द्यायच्या. स्वतः चमचा उचलायच्या नाहीत. पोरीला दात आले, ती चालायला लागली, आजीच्या ताटातली भाकर ओढायला लागली. आजी ताट घेऊन उठायच्या.

रक्त तपासायला अठरा महिने थांबावं लागलं. आईच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जे तयार करतं ते, लेकराच्या रक्तात बराच काळ राहतात. त्याआधी तपासलं तर ते आईचं का लेकराचं तेच कळत नाही. मला वाटतं आजारापेक्षा हा थांबायचा आजार वाईट. पोरगी शिंकली की माझा जीव खाली-वर. दोन दिवस जुलाब झाले की मी मनानंच तिला पुरून यायची. मालक दर सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा तिला तराजूच्या पारड्यात बसवायचे. वजन वाढलेलं दिसलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. त्या माणसाला मी माफ केलं का, असं मला बाया विचारतात. नाही केलं. पण तराजूसमोर उभे असायचे तेव्हा त्यांची कीव यायची.

तपासणीला आत्या स्वतःहून आल्या. सकाळी पोरीच्या दंडातून रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारनंतर. आम्ही तिघी त्याच बाकावर बसलो जिथं पावणेदोन वर्षांपूर्वी मी बसले होते. मालक फाटकाबाहेर फेऱ्या मारत होते. आत्या गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसल्या होत्या आणि ओठ हलत होते. एक वाजला, दोन वाजले. शिवानी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला न्याहाळत होती. मला तेव्हा पळून जावंसं वाटत होतं. रिपोर्ट न घेताच, पोरीला उचलून, कुठंतरी जिथं कागद येत नाहीत तिथं.

काउन्सेलर बाईंनी दार उघडलं आणि या वेळी कडी घातली नाही. "निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. "बाळाला लागण नाही."

मी जमिनीवर बसले आणि हसत होते का रडत होते ते मला सांगता येणार नाही. मालकांनी दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. आत्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. झालं होतं. ज्यासाठी मी पावणेदोन वर्षं जगले ते झालं होतं, आणि खरं सांगते, त्याच्या पुढचं मी काहीच धरून चालले नव्हते. बाईंनी मला प्रत्येक खेपेला सांगितलं होतं की स्वतःलाही दाखवत जा, तुमच्या अंगात ताकद किती राहिलीय ते तपासून घ्या. मी मान हलवायची आणि विसरायची. लेकरू वाचलं की माझं काम संपलं, एवढंच डोक्यात होतं.

मी पिशवी उचलली, बाईंच्या पाया पडले आणि निघाले. आत्या हलेनात.

म्हणलं, आत्या, चला, गाडी चुकंल.

आत्यांनी माझं मनगट धरलं, ओढून मला बाईंच्या टेबलापुढच्या स्टुलावर बसवलं आणि पोरीला कडेवर घेऊन माझ्यामागं उभ्या राहिल्या. "लेकराचं कळलं," त्या म्हणल्या. "आता माझ्या सुनंचं सांगा. हिला काय काय करायचं, कुटं न्यायचं, कोन्तं औषध लागतं. सगळं सांगा. लेक हाय ही माझी."

माझ्याबद्दल कुणीतरी विचारत होतं. मलासुद्धा जिवंत राहायचंय, हे त्या दिवशी मला त्या म्हातारीकडून कळलं.

बाईंनी खणातून नवा केसपेपर काढला. नाव विचारलं, वय विचारलं. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या.